उत्तरेच्या भिंतीची चोरी

१

कोठीच्या खोलीचं कुलूप काढून रक्षा उईकेने दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थबकली.

हीटर चालू होता. खोलीत रोजची ऊब होती. स्टुलावरची नोंदी टिपणारी पेटी हिरवा दिवा लुकलुकवत बसली होती. पण समोरच्या उत्तरेच्या भिंतीवर, गेले अकरा दिवस जिथं तळहाताएवढी चकती चिकटलेली होती, तिथं आता परातीएवढा खड्डा होता. चकती गेली होती आणि तिच्याखालचा मातीचा गिलावाही गेला होता.

रक्षा वर्ध्याच्या एका संस्थेत घरांच्या बाहेरच्या भिंती मोजायची. लांबी-रुंदी नव्हे, तर भिंतीतून किती उष्णता निसटते ते. जानेवारीत या रोहणा गावात पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. अशा वेळी खोली हीटरने तीस अंशांवर ठेवायची आणि आतून चिकटवलेल्या चकतीने मिनिटामिनिटाला सांगायचं, की एवढी ऊब भिंतीवाटे बाहेर गेली. जी भिंत जानेवारीत ऊब धरून ठेवते, तीच मे महिन्यात बाहेरची झळ थोपवते. जिल्ह्यात चाळीस घरं बांधायची होती. ती मातीची बांधायची की सिमेंटच्या ठोकळ्यांची, ते या आकड्यांवर ठरणार होतं.

घरमालकीण कुसुमबाईंच्या आवारात पुढे नवं स्लॅबचं घर आणि मागे ही कोठीची खोली असलेलं जुनं मातीचं घर अशी जोडी होती, म्हणून रक्षानेच हे गाव सुचवलं होतं. गाव तिचंच. गावाबाहेर गोंडांच्या टोलीवर, म्हणजे वस्तीवर, तिचा बाप जंगू एकटा राहायचा आणि कुसुमबाईंच्या भाजीच्या वाडीत कामाला यायचा. रक्षा मात्र वर्ध्याजवळ सावंगीला खोली घेऊन राहायची. काल संक्रांतीलाही कुसुमबाईंकडे जेवून तिने थेट एस.टी. पकडली होती. बापाला तोंड दाखवायचंही राहून गेलं होतं.

तिने वाकून पेटी पाहिली.

चकतीची वायर तोडलेली नव्हती. पेटीच्या मागे एक बारीक खिट्टी होती. ती नखाने दाबली तरच पिन निघायची, नुसती ओढली तर वायर तुटायची. कोणीतरी ती खिट्टी दाबून पिन अलगद काढली होती.

ती खिट्टी माहीत असलेल्या माणसाचं एकच नाव रक्षाला आठवलं.

२

"दुर्गेशचंच काम हाये. मॅडम, मी पहिल्या दिवशीच बोललो होतो."

पीयूष म्हणजे कुसुमबाईंचा मुलगा. तिशीचा, बोलायला फटकळ. जुनं घर पाडून तिथं गाळे काढायचे हे त्याचं ठरलेलं होतं. मोजणीपुरतं थांबा, असं रक्षाने विनवलं म्हणून जेसीबी येत्या सोमवारवर गेला होता.

दुर्गेश अंगणात निंबाखाली उभा होता. शेजारच्या टोलीवरचा वायरमन. रक्षाने त्याला हाताखाली घेतलं होतं. त्याने मान वर केली नाही.

"ताई, मी नाई घेतली. मले ते घेऊन काय करायचं हाये? विकाले गेलो तं कोण घेते?"

"पिन कोणाले काढता येते? तुलेच ना?" पीयूष अंगावर गेला. "काल तू कुठी होता?"

"घरी. संक्रांत होती."

"पाह्यलं कोणी?"

"माझ्या मायनं."

पीयूष हसला. ते हसणं रक्षाला झोंबलं. टोलीवरच्या माणसाच्या मायची साक्ष गावात किती चालते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

कुसुमबाई खोलीत जाऊन खड्डा पाहून आल्या होत्या. साठीच्या बाई, दिवसभर वाडीत राबणाऱ्या. त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या.

"मावशी, किल्ली कुठं असते?"

"इथंच, खुंटीले. कोणीही घेते. खोलीत ढोली होती तोवर धान्य काढाले सगळेच जायचे."

ढोली म्हणजे धान्याची तट्ट्याची मोठी कणगी. ती उत्तरेच्या भिंतीला टेकून इतकी वर्षं उभी होती, की तिच्यामागे पांढऱ्या मातीचा पोतारा फिरवायला कोणाचा हात गेला नव्हता. भिंत मोकळी हवी म्हणून मोजणीच्या पहिल्या दिवशी पीयूष, दुर्गेश आणि जंगू यांनी मिळून ती बाहेर काढली. मागची माती कोरी करकरीत निघाली. चकतीला सपाट जागा लागते. सगळ्या भिंतीत तिथलाच हात सर्वांत सफाईचा होता, म्हणून रक्षाने तीच जागा धरली होती.

"मावशी, तुम्हांला काय वाटतं?"

"मले?" कुसुमबाईंनी जुन्या घराकडे पाहिलं. "चकती न्याची तं चकती नेते माणूस. माती काऊन नेली?"

पीयूषने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "मॅडम, पाच वाजेपर्यंत वस्तू आली तं ठीक. नाई तं मी पोलिसाले फोन करतो. तुमच्या साहेबायले काय सांगायचं ते सांगा."

वाडीच्या टोकाला जंगू मेथीला पाणी देत होता. रक्षा त्याच्यापर्यंत गेली.

"बा, काल या बाजूला कोणी दिसलं का?"

जंगूने फावड्याने दांड फोडला आणि पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं. "माही नजर कामावर राह्यते, पोरी."

"दुर्गेशला पोलिसांत देतील."

फावडं जरासं थांबलं. मग पुन्हा चाललं.

"जेवली का?" एवढंच त्याने विचारलं.

३

मोजणीच्या कामात कुणाला काही विचारावं लागत नाही, भिंत आपणहून सांगते, हे रक्षाला आवडायचं. माणसांना विचारून तिच्या हाती आजवर काही लागलं नव्हतं. ती वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा तिची आई तापाने गेली. घरात फोटो नव्हता. कशी होती, असं विचारलं की जंगू म्हणायचा, "होती चांगली," आणि उठून काहीतरी कामाला लागायचा. एस.टी.त पंचेचाळिशीची एखादी बाई समोर बसली की रक्षा तिच्याकडे टक लावून पाहत राहायची. आज आई असती तर अशी दिसली असती का? कानाची पाळी अशी असती का? बाई उतरून जायची, आणि रक्षा पुढच्या थांब्याची वाट पाहायची.

तिने लॅपटॉप उघडला आणि पेटीतल्या नोंदी उतरवून घेतल्या. आठवड्याची सरासरी ती नेहमी पाहायची. आज पहिल्यांदाच मिनिटामिनिटाची रेघ पाहिली.

रेघ दिवसभर शांत वाहत होती. मातीची भिंत चांगलीच ऊब धरत होती. पण दुपारी एकच्या सुमाराला त्या सपाट रेघेवर एक टेकाड उभं होतं. भिंतीकडे जाणारी उष्णता एकदम दहापट व्हायची, दहा-पंधरा मिनिटं तशीच राहायची आणि मग सावकाश उतरायची.

हीटर असा वागत नाही. ऊन उत्तरेच्या भिंतीला लागत नाही. रक्षाने स्लॅबच्या घरात लावलेल्या दुसऱ्या चकतीवर आपला तळवा टेकवला आणि पडद्याकडे पाहिलं. तेच टेकाड उभं राहिलं.

म्हणजे रोज दुपारी कोणीतरी त्या बंद खोलीत येत होतं, भिंतीवर हात ठेवून उभं राहत होतं आणि निघून जात होतं.

अकरा दिवसांत नऊ टेकाडं. सहा आणि तेरा तारखेला रेघ सपाट. दोन्ही मंगळवार, म्हणजे बाजाराचे दिवस.

रक्षाने कालची दुपार उघडली. बाराला पाच कमी असताना टेकाड होतं, नेहमीपेक्षा लांब, चांगलं अर्ध्या तासाचं. त्यानंतर जे होतं ते पाहून ती खुर्चीतून उठली. रेघ कोसळून शून्याखाली गेली होती. चकतीशेजारची भिंत सहा अंशांनी गार झाली होती. एक वाजून वीस मिनिटांनी रेघ तुटली. तिथं पिन निघाली होती.

तापलेल्या खोलीत, चालू हीटरसमोर, भिंत एकाएकी गार होते ती पाण्याने. चोराने आधी तासभर भिंतीवर ओलं बारदान धरलं होतं. माती भिजून सुटी झाली, की अख्खा पापुद्रा न मोडता निघतो. चकती हवी असती तर ती ओढून काढायला एक मिनिट पुरलं असतं.

चोरी चकतीची नव्हतीच. चोरी भिंतीची होती. चकती तिला चिकटलेली होती म्हणून तिच्यासोबत गेली.

रक्षाने वही ओढली. दोन्ही मंगळवारी दुपारी हीटर तपासायला दुर्गेश एकटाच त्या खोलीत गेला होता, तिनेच त्याला पाठवलं होतं. तो हात दुर्गेशचा असता तर मंगळवारीही टेकाड दिसलं असतं. पीयूष दोन्ही मंगळवारी घरीच होता, अंगणात ट्रॅक्टर उघडून बसलेला. आणि घर तसंही तोच पाडणार होता. मंगळवारी गावात नसणारी माणसं दोनच. भाजी घेऊन बाजारात बसणाऱ्या कुसुमबाई एक. पण काल बारा ते दीड त्या रक्षासमोर बसून तिला तिळाची पोळी आग्रहाने वाढत होत्या.

आणि दुसरा, त्यांची पाटी उचलून नेणारा.

पहिल्या दिवशी, ढोली बाहेर काढल्यावर, रक्षाने हौसेने बापाला जवळ बोलावून पेटी दाखवली होती. पाहा बा, ही खिट्टी दाबायची, मग पिन निघते. तो वाकून लक्ष देऊन पाहत होता. त्याला आपल्या कामाचं कौतुक वाटतंय, असं तिला वाटलं होतं.

घड्याळात सव्वाचार झाले होते. वाडीत फावडं बांधावर पडलेलं होतं. जंगू तिथं नव्हता.

४

झोपडीचं दार नुसतं लोटलेलं होतं. जंगू जमिनीवर बसला होता. समोर बाजेवर बारदान, आणि बारदानावर मातीचा तो पापुद्रा. काठ खुरप्याने कापलेले, एकही टवका उडालेला नव्हता. शेजारी धुतलेल्या फडक्यात चकती, वायरीची गुंडाळी करून.

"बा."

"येतच होतो," जंगू म्हणाला. "चकती निघत नव्हती. खोबऱ्याच्या तेलानं सोडवली. घासली नाई. बिघडली असन का?"

रक्षाने चकतीकडे पाहिलंही नाही. "काऊन, बा?"

वर्ध्याच्या नोकरीत गेलेली भाषा तिच्या तोंडी परत आली.

जंगूने बारदानाचा कोपरा सरळ केला. बाहेर कोणाची तरी शेळी ओरडली.

"ढोली हटवली," तो म्हणाला, "अन् दिसली."

"काय दिसलं?"

"तुही माय."

रक्षा बाजेपाशी खाली बसली.

"ते घर कुसुमबाईनं लिपून घेतलं तवा मैना जात होती कामाले. ते भित तिच्या हातची. मी तेंदूपत्त्यावर गेलतो जंगलात, महिनाभर. आलो तं..." त्याने हात हलवला. "आलो तं नव्हती. फोटो नाई, लुगडं नाई, काई ठेवलं नाई लोकायनं. पंचवीस वर्सं मी त्या वाडीत पाणी देऊन राह्यलो अन् ते तिथंच होती, ढोलीमागं. मले मालूम नाई. तू चकती लावली ना, तुनं बरोब्बर तिच्याच हातावर लावली."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"काय सांगू? रोज भाकर खायच्या वक्ताले जाऊन हात ठेवत होतो. तुह्या चकतीवरून. लागत होती तिची माती, आजूबाजूची. मंग पीयूष म्हणे, सोमवारी जेसीबी."

"मावशीले मांगायचं होतं."

"मांगायचं? बायकोच्या बोटाची माती द्या म्हणू?" जंगू म्हणाला. "हसले असते, पोरी."

संध्याकाळचं ऊन दारातून तिरपं बाजेवर आलं होतं. त्या उजेडात मातीवरच्या रेघा उठून दिसत होत्या. चार बोटं ओल्या मातीवरून कमानीसारखी फिरली होती, एकाखाली एक. अकरा दिवस रक्षा त्यांना भिंतीचा पोत म्हणत आली होती.

तिने आपली चार बोटं त्या खाचांवर ठेवली. बसली नाहीत. खाचा अरुंद होत्या, कमान आखूड. तिच्या मनातली आई कायम तिच्यापेक्षा मोठी होती, एस.टी.तल्या बायांएवढी. हा हात तर एखाद्या पोरीचा होता.

"किती वर्साची होती, बा?"

"एकोणीस," जंगू म्हणाला.

रक्षाने हात काढला नाही. तशीच बसून राहिली. मग तिला निंबाखाली उभा असलेला दुर्गेश आठवला.

"बा, पाच वाजतात."

जंगू उठला. चकतीचं फडकं त्याने दोन्ही हातांत घेतलं. "पोलिसात द्याचं असन तं दे मले. पण हे," त्याने बाजेकडे पाहिलं, "हे नोको देऊ."

५

पीयूषने फोन काढलेलाच होता. रक्षाने सगळं सांगितलं. दुपारची टेकाडं, दोन मंगळवार, ओलं बारदान, खिट्टी. बोलताना एकदाही तिने बापाचं नाव गाळलं नाही. शेवटी जंगूने पुढे होऊन फडकं पायरीवर ठेवलं.

"मीच नेलं. या पोराचा काई कसूर नाई," तो म्हणाला आणि दुर्गेशकडे वळला. "तू उभा होता अन् मी पाणी देत होतो. माफ करजो, बाप्पा."

दुर्गेशने मान हलवली, ती होकाराची की नकाराची ते कळलं नाही. पीयूषने फोन खिशात टाकला.

"मले वाटलं..." तो दुर्गेशला म्हणू लागला.

"तुमाले काय वाटलं ते मले समजलं, भाऊ," दुर्गेश म्हणाला. पिशवी खांद्याला लावून तो फाटकापर्यंत गेला. तिथून वळून त्याने रक्षाला विचारलं, "ताई, हीटर चालू ठेवू का बंद करू?"

"चालू ठेव," रक्षा म्हणाली. "दुसरीकडे चकती लावू. पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल, दोन आठवडे." ती पीयूषकडे पाहत होती.

पीयूषने जमिनीवरचा खडा पायाने सरकवला. "जेसीबीवाल्याले सांगतो पुढच्या महिन्याचं," तो म्हणाला आणि घरात गेला.

कुसुमबाई इतका वेळ जंगूकडे पाहत होत्या. "मले सकाळीच वाटलं होतं. पण कोणत्या तोंडानं बोलू? पंचवीस वर्सं आमच्या मेथीले पाणी देऊन राह्यला तू. म्या कधी मैनाचं नाव काढलं का तुह्यापाशी? तुले दुखन म्हणून नाई काढलं."

"मले वाटलं, तुमाले ध्यानात नसन," जंगू म्हणाला.

"ध्यानात नसन?" कुसुमबाईंनी रक्षाचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "ऐक, तुले सांगतो. बांगड्या कोपरापर्यंत सारून घेऊन लिपे. चहात गूळ जास्त लागे तिले. बोलणं कमी, पण हसाले लागली की थांबे नाई. अन् तू होती सहा महिन्याची. त्याच खोलीत आढ्याले झोळी बांधली होती तुही. दोरी तिनं पायाच्या अंगठ्याले बांधली, तं पायानं झोका अन् हातानं लिपणं. पण तू होती रडकी! चार हात फिरवले की तुहं सुरू. मंग ते थांबे, वळून तुह्याकडं पाहे, काई तरी बोले तुमच्या भाषेत. तू चूप झाली की पुन्हा हात चाले. म्या म्हणत होतो, मैना, अशानं भित कधी होईन? तं म्हणे, होईन, बाई."

कुसुमबाईंनी रक्षाच्या पाठीवरून हात फिरवला आणि जंगूला म्हणाल्या, "बस ना, उभा काऊन? चहा ठेवतो."

चहा झाला. वर्ध्याला साहेबांना फोन करून रक्षाने घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "त्या नऊ नोंदी गाळून टाक. पुसू मात्र नकोस."

त्या दिवशी तिने एस.टी. पकडली नाही. बापलेक टोलीवर आले तेव्हा ऊन उतरत होतं, पण दारातून अजून उजेड होता. जंगू चूल पेटवायला बसला. रक्षा बाजेपाशी गुडघ्यांवर टेकली आणि मातीच्या त्या तुकड्यावर वाकली.

कमानी सलग नव्हत्या. नीट पाहिलं की दिसत होतं. चार हात सरळ फिरलेले, आणि मग एके जागी बोटं उचललेली. माती जराशी वाळलेली, तिथं एक बारीक काठ राहिलेला. त्याला लागून पुन्हा चार हात. पुन्हा काठ. लिपणारीला घाई असती तर असे काठ राहिले नसते. त्या प्रत्येक काठावर कोणीतरी थांबलं होतं.

रक्षा बोट टेकवत एकेक काठ मोजत गेली. एवढ्याशा तुकड्यात सात होते. सात वेळा आईने वळून तिच्याकडे पाहिलं होतं.